मूठभर भाताची बाळंतीण

आमच्या गावात माझी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे, आणि ती मीच प्रसिद्ध केलेली आहे. रोवणीचे दिवस. मी पंधरा वर्षांची, पोट पुढे आलेलं, गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे लावते आहे. सकाळी मूठभर भात खाऊन आलेली. दुपारी कळा सुरू झाल्या, तरी हातातली पेंडी संपवली, बांधावर पाय धुतले, चालत घरी गेले आणि दिवेलागणीला मुलगा झाला. झाला म्हणजे काय, शिंक यावी तसा आला.

ही गोष्ट मी बारशांत सांगितली, हळदींत सांगितली, धानाच्या बांधीत रोवणीच्या बायांना सांगितली. दर वेळी भात थोडा कमी करत गेले. पहिल्यांदा सांगितली तेव्हा चांगला ताटभर होता. मग वाटीभर झाला, मग मूठभर. एकदा तर मी नुसत्या मिठाच्या पाण्यावर बाळंत झाले होते, पण तेव्हा माझी मोठी जाऊ समोर बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मूठभर भात मुकाट्याने परत आणला.

खरं सांगायचं तर ती पंधरा वर्षांची पोट्टी एक नंबरची चोट्टी होती. पळी सासूच्या हातात. आधी माणसं जेवत, मग पोरं, मग सासू, मग मोठ्या जावा आपापल्या मानाने, आणि मी शेवटी. माझ्या वाट्याला गंजाच्या बुडाची खरवड. एवढ्यावर माझं भागणारं नव्हतं. मग मी गुळाच्या मडक्यात हात घालायचे. सुके झिंगे लुगड्याच्या ओच्यात बांधून न्यायचे आणि रोवणी करता करता चघळायचे. शेजारणीची कोंबडी आमच्या तणसाच्या ढिगात अंडी घालायची, ती मी तिथेच फोडून कच्ची प्यायचे. शेजारीण मुंगसाला शिव्या द्यायची. मी पण तिच्यासोबत मुंगसाला शिव्या द्यायचे.

एवढं कमी होतं म्हणून की काय, मी अंगात आणायला लागले. जेवणाच्या वेळी केस मोकळे सोडायचे, घुमायचं आणि ओरडायचं, "मले तूपभात पायजे!" जी सासू मला दुसरी पळी वरण वाढत नसे, ती हात जोडून पुढ्यात तूपभाताचं ताट ठेवायची. देवी अगदी पोटभर जेवायची. पण पंधरा वर्षांच्या देवीला अक्कल किती असणार? तिसऱ्या खेपेला तिने तलावातले मासे मागितले. सासू म्हणाली, "अवं माय, आज तं नवरात्राचा उपास हाय ना तुझा?" मी लगेच शुद्धीवर आले.

तर माझा मुलगा मूठभर भातावर जन्मलेला नाही. साऱ्या आळीच्या मालावर जन्मला आहे. पण चोरीची गोष्ट बारशात कोण सांगतं? मी आपली भाताची सांगत राहिले.

आता तो मुलगा स्वतः आजोबा व्हायला आलेला. घरातली पळी त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या हातात. बाई वाईट नाही. पहाटे उठते, दिवसभर राबते, स्वतः शेवटून दुसरी जेवते. शेवटून पहिली कोण, तर नातसून.

नातू तुमसरला राईस मिलमध्ये पोती उचलायला जातो. तिथल्या एका लग्नात त्याला बपेऱ्याकडची एक पोरगी दिसली. दोघांचं मोबाइलवर बोलणं सुरू झालं. तिच्या बापाला कळलं, तेव्हा त्याने बोलणं थांबवण्यापेक्षा लग्न लावून देणं सोपं समजलं. पोरगी सोळा पुरी. पत्रिका छापली नाही, मांडव घातला नाही, बँड नाही, डीजे नाही. देवळात दोन हार घातले आणि तिला घरी आणलं. साऱ्या गावाला माहीत झालं, फक्त सरकारला होऊ नये म्हणून ही सगळी काळजी.

घरात आली तेव्हा ती अशी होती, की तिला पाहून आधी तिची वेणी दिसायची, मग ती. मनगटात बांगड्या राहत नव्हत्या. कोपरापर्यंत चढवून ठेवायची. मी म्हटलं, "काय वं, तुले घरी खायले नोते देत का?"

ती म्हणाली, "देत होते ना, आजी. आमी पाच बहिणी हावोत."

एवढंच म्हणाली. त्यात सगळं आलं.

आमच्याकडे धान पिकतं, पण चुरणा, म्हणजे मळणी, झाला की ते तुमसरच्या बाजारात जातं, आणि आम्ही खातो तो रेशनचा तांदूळ. रेशनकार्डावर तिचं नाव चढवायचं तर आधार कार्ड दाखवावं लागतं, आधारवर जन्मतारीख असते. म्हणून नाव चढवलंच नाही. खाणारं तोंड घरात आलं, त्याचा तांदूळ बाहेरच राहिला. मग सून अंदाजाने रांधायची, आणि अंदाज चुकला की तो नेमका शेवटच्या ताटात चुकायचा.

हिवाळा संपता संपता पोरीला दिवस गेले. अंगणवाडीची बाई गरोदर बायांची वजनं करते, लोहाच्या गोळ्या देते, आहाराची पाकिटं देते. ती दारात दिसली की आमच्या घरात पळापळ. पोरीला आतल्या खोलीत धानाच्या ढोल्यामागे उभं करायचो. बांबूच्या तट्ट्याचा ढोला, माणसाहून उंच, त्यात धान अर्धंच असायचं, पण आडोशाला बरा. सून मला ओट्यावर बसवायची, कारण थापा मारण्यात माझा हात कोण धरणार.

"मावशी, घरी कोणी नवीन हाय का?" अंगणवाडीच्या बाईने विचारलं.

"मांजर हाय ना. थे बी पोटुशी हाय. लिव तिचं नाव."

ती हसली. आतल्या खोलीकडे तिने पाहिलं. ढोल्याखालून लाल नखपालिश लावलेली पायाची दोन बोटं दिसत होती. तिलाही या गावातच राहायचं आहे, याच नळावर पाणी भरायचं आहे. तिने दोन पाकिटं ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मांजरीले द्या मावशी. दुधात शिजवून द्या."

मला माझ्या विनोदाचा काय आनंद झाला होता! नळावरच्या बायांना मी तो दोनदा सांगितला. संध्याकाळी सुनेने त्या पाकिटांचा गोड शिरा केला. मुलाने खाल्ला, नातवाने खाल्ला, मला दात नाहीत म्हणून मला जरा जास्तच वाढला. पोरीने कढई खरवडली.

रोवणीला ती आमच्याबरोबर बांधीत उतरली. दोन ओळी लावायची आणि बांधावर बसून राहायची. डोळ्यांपुढे काळं येतं म्हणायची. ओठ, नखं, जीभ, सगळं धुतल्यासारखं पांढरं. तांदूळ निवडायला बसली की एकेक दाणा तोंडात टाकायची. एकदा चुलीचं ढेकूळ चाटताना मी तिला पाहिलं. मला पाहून तिने ते पाठीमागे लपवलं, जसं काही मी तिची सोन्याची पुतळीच हिसकावणार होते.

मी सुनेला म्हटलं, "अवं, पोरीले अजून एक पळी वाढत जा ना."

तिने पळी खाली ठेवली. "तुमाले काय वाटते आत्याबाई, मी दुश्मन हाय का तिची? जास्त खाल्लं का लेकरू मोठं होते. मोठं झालं न अडलं तं कोठी नेऊ? सरकारी दवाखान्यात पहिले वय इचारतात. वय सांगतलं का पोलीस. माझा पोट्टा जाईन आतमधी, तिचा बाप जाईन, आमी बी जाऊ. लेकरू लहान रायलं तं घरीच सुटन, दाईच्या हातानं. तुमीच तं सांगता ना, मूठभर भातावर शिंकेवानी आलं म्हणून?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने ही गोष्ट माझ्याकडून ऐकली होती, स्वतःच्या तीन बाळंतपणांत ऐकली होती. तिने ती मनावर घेतली होती. या गावातल्या अजून किती जणींनी घेतली असेल, याचा विचार मी करत नाही. केला तर जेवण जात नाही.

त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. गूळ सांगितला, झिंगे सांगितले, शेजारणीची अंडी सांगितली. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुलगा म्हणाला, "माय, तू तं मिठाच्या पाण्यावर बाळंत झालती ना? आता अंडे कोठून आले गा?" नातू म्हणाला, "आजी, पुढच्या खेपेले बकरा खाल्ला म्हणून सांगजो." पोरगी भिंतीला टेकून बसली होती, तीही हसली. तिला खोकला येईपर्यंत हसली. माझ्या गोष्टीवर घर इतकं हसलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग मी म्हटलं, सांगून होत नाही तर करून पाहू. चोरी मला येतेच. मी मुलाला सांगितलं, माझे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रोज एक उकडलेलं अंडं सांगितलं आहे. गावात हसू झालं, बुढीला या वयात डोहाळे लागले. पण मुलगा मायेचा, त्याने अंडी आणली. रोज दुपारी मी घरामागच्या सांदवाडीत पोरीला वेणी घालायला बसवायचे आणि तिच्या ओंजळीत अंडं ठेवायचे. ती ते पदरात गुंडाळून आत न्यायची. मला वाटायचं, लाजते आहे, आत जाऊन खात असेल. मी स्वतःवर खूश. ही पोट्टी चोरी शिकली असं मी मनात म्हणत होते.

एक दिवस नातू मिलमधून आला आणि म्हणाला, "आजी, डब्यात अंडं रोज ठेवत जा. बाकीचे पोट्टे पाहत रायतात."

मी पोरीला बोलावलं. "काहून वं? तुले कायले देऊन रायली मी? तुझ्या नवऱ्यासाठी?"

"ते पोते उचलतात ना आजी. मी तं घरीच रायतो."

"माझ्यासमोर खा. आत्ता."

तिने खाल्लं. रडत रडत खाल्लं, आणि संध्याकाळी जाऊन सासूला सांगितलं. सासू म्हणजे आई, तिच्यापासून लपवून खाल्लं तर पाप लागतं, म्हणाली. सून चिडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवसापासून अंडं माझ्या हाती न देता माझ्यासमोर सोलून, मीठ लावून माझ्याच तोंडात द्यायला सुरुवात केली. "खा आत्याबाई, गुडघे दुखतात ना तुमचे." मी खाल्लं. काय करणार?

पंधराव्या वर्षी मी खोटारडी होते, चोरटी होते, देवाधर्माला न भिणारी होते, म्हणून वाचले. ही पोरगी सरळ होती. तिच्या आईने तिला फार चांगलं वळण लावलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून या वयात मी पुन्हा केस सोडले. केस म्हणजे काय, नारळाच्या शेंडीएवढे उरलेत. सगळे जेवायला बसले होते. मी घुमले, ओरडले, "पोटुशीले दूधभात द्या! अंडं द्या! नाई तं मी घर सोडणार नाई!"

नातवाने आधी मोबाइल काढला. मुलगा म्हणाला, "माय, कमरेत लचक भरन." सून मात्र उठली, तिने मला हळद-कुंकू लावलं, अगदी मनापासून पाया पडली आणि म्हणाली, "देवी, तुझं सारं ऐकतो मी. फक्त पोलीस आले तं त्याइच्या अंगात येजो."

माझ्यातली देवी खाली बसली. मी केस बांधले आणि ताट पुढे ओढलं.

दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, आली. आमच्याकडे मंडईला प्रत्येक घरी पाहुणे, रात्री नाटक, आणि त्याआधी मटण. पोरीचे महिने भरत आलेले, तरी तिने सकाळपासून मसाला वाटला, भाकरी थापल्या. पाहुण्यांसमोर तिला आणायचं नाही असं ठरलेलं, म्हणून रांधणखोलीतच बसून राहिली. पाहुणे जेवले, घरचे जेवले, नाटकाला जाणारे पुन्हा घाईघाईत जेवले. गंजात तर्री उरली होती. तिने तर्रीत भाकर कुस्करली, पहिला घास घेतला आणि घास तोंडात असतानाच तिला कळ आली.

दाई आली. बाळ खरंच सहज आलं. अडलं नाही, फारसं फाडलं नाही. पोरगी मोठ्याने ओरडलीसुद्धा नाही. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "पाहा आत्याबाई. म्हटलं होतं ना मी?"

मुलगी होती. तिच्या पायाचं कातडं सैल होतं, मोठ्या माणसाचा मोजा घातल्यासारखं. रडणं मांजरीच्या पिल्लाचं. तोंड उघडायची, छातीला लागायची आणि दमून सोडून द्यायची. ओढायलाही जोर लागतो. आणि आमच्या रीतीप्रमाणे बाळंतिणीला पहिले दिवस नुसती पातळ पेज. जड खाल्लं तर बाळाला बाधतं म्हणतात. मी पेजेत तूप टाकलं. सुनेने वरचं तूप पळीने काढून घेतलं आणि मला प्रेमाने म्हणाली, "तुमाले आता आठवत नाई, आत्याबाई."

बाळ अंगाला गार लागायला लागलं, तेव्हा नातवाने मोटारसायकल काढली. मागे सून, मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं बाळ. साकोलीच्या एका खाजगी डॉक्टरला दाखवून परत आले. डॉक्टर म्हणाला होता, भंडाऱ्याला न्या, आत्ताच्या आत्ता, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, आईला पण न्या.

आईला पण न्या, म्हणून सगळं अडलं. अंगणात खाटेवर बसून विचार सुरू झाला.

"अठरा सांगू," मुलगा म्हणाला.

"आधार मागतात गा बाबा," नातू म्हणाला.

"हरवलं म्हणू."

"मंग नंबर मागतात. अंगठा लावा म्हणतात."

सून म्हणाली, "मी जातो. माझंच लेकरू हाय म्हणून सांगतो."

तिचे अर्धे केस पिकलेले. कोणी हसलं नाही. मुलगा खरोखर विचार करायला लागला, की हे चालेल का. मी ओरडले, "अरे जा ना गा! पोलीस येतीन तं येतीन! मले न्या जेलात, मी बसतो!" नातू उठला, गाडीची चावी घेतली, पुन्हा बसला. त्याच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की हाही एकोणीस-वीस वर्षांचं पोरच आहे आणि फार भ्यालेलं आहे.

पोरगी दाराच्या उंबऱ्यावर बाळ घेऊन बसली होती. आमचं बोलणं ऐकत होती. मध्येच ती हळू आवाजात म्हणाली, "आई, नका भांडू आता. राहू द्या."

आम्ही वळून पाहिलं. तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला होता.

लहान लेकरांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला, पळसाखाली, जिथे नांगर जात नाही, तिथे नातवाने आणि त्याच्या बापाने तिला ठेवलं. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे तिला नाव नाही. अंगणवाडीच्या बाईने तिचा जन्म मांडला नव्हता, मृत्यूही मांडला नाही. ती आमच्या दारावरून जाते तेव्हा आता काही विचारत नाही. मीही मांजरीचं काही बोलत नाही.

सुनेने खूप दिवस नीट जेवण केलं नाही. मला एकदा म्हणाली, "लेकरू तं सहजच आलं होतं ना आत्याबाई? मंग कोठी चुकलं?" मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, परत, न हसता. तिने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दृष्ट लागली," ती म्हणाली. "मंडईचे पाहुणे. त्याइच्यातल्या कोणीतरी पाहिलं असन."

आणि आता पोरीला पुन्हा दिवस गेलेत. अजून अठराची व्हायची आहे, म्हणून पुन्हा सगळं तेच. कार्डावर नाव नाही, कोणी आलं की ढोल्यामागे. भाताचं मापही तेच, कारण पहिल्या वेळी बाळंतपण घरीच सुटलं होतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फरक इतकाच, की आता दृष्ट काढायला मीठ-मोहरी बांधून ठेवली आहे.

परवा मी शेजारच्या घरी बसायला गेले होते. त्यांनी जवसाचा लाडू दिला, तुपाचा, गुळाचा. मी तो पदराच्या टोकाला बांधून आणला. सून नळावर गेली होती. पोरगी तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, गाठ सोडली.

"घे. कोणी नाई घरी. आईले सांगायचं असन तं संध्याकाळी सांगजो, पण आधी खा."

तिने लाडवाकडे पाहिलं. मला वाटलं, नेहमीसारखी नवऱ्याचं नाव काढेल. तिने नाही काढलं. सुपातल्या तांदळांत तिची बोटं फिरत होती, पण एकही दाणा तोंडात जात नव्हता. मी किती वेळ पाहिलं, एकही नाही.

"मले भूकच नाई लागत आता, आजी," ती म्हणाली. "खरंच सांगतो. पहिले लागत होती. आता नाई लागत. तुमी खा."

सून घागर घेऊन आत आली. तिने ते शेवटचं ऐकलं. घागर उतरवत ती म्हणाली, "पाहा, किती समजदार झाली पोर."

मी बोलायला तोंड उघडलं. माझं तोंड कधी बंद नसतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दोघी माझ्याकडे पाहत होत्या, बुढी आता काय म्हणते म्हणून, हसायच्या तयारीत. पोरगी सूप घेऊन उठली आणि पाखडायला अंगणात गेली.

लाडू माझ्या हातातच होता. तूप पाघळून बोटांना लागलं होतं. मी तो तिथेच बसून खाल्ला. मला भूक लागली होती.